खंडेनवमीला थंड झालेली भट्टी

प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. भट्टीच्या गळ्यात झेंडूची माळ, दांडीवर कुंकवाची बोटं, आणि टांगलेली वजनं खाली उतरवून त्यांच्यापुढे नारळ फोडलेला. भट्टीला हात लावला. थंडगार!

दसऱ्याला मी आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. जाताना भट्टीवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला होता: ‘चाचणी चालू आहे. हात लावू नये.’ त्या कागदालाही हळद-कुंकू लावलेलं. वाचला कुणीच नाही, पूजला मात्र सगळ्यांनी.

नांदेडच्या या कॉलेजात मी जस्ताच्या मिश्रधातूवर पीएच.डी. करते. पेन्सिलीएवढी सळई तापल्या भट्टीत उभी धरायची, तिला वजन टांगायचं आणि ती कशी लांबत जाते ते मोजायचं. तापलेलं जस्त साध्या ओझ्यानंही हळूहळू ताणत जातं आणि शेवटी तुटतं. अट एकच, मधे आच कमी होता कामा नये आणि ओझं उतरता कामा नये. अख्खा पावसाळा मी त्या सळईला जपलं. वीज गेली की जनरेटरकडे मीच धावायचे.

आमचे शिपाई नरसिंगमामा दारात ओशाळून उभे होते.

“म्या म्हणलो होतो, ताईचं काम चालू हाय. सर म्हणले, खंडेनवमीला मशीन बंदच ठेवायची असती. वजनं बी धुऊन घ्यायला लावली.”

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, आणि माझे मार्गदर्शकही. मी तशीच त्यांच्या केबिनमध्ये शिरले.

“एवढं काय त्यात? आधी पेढा घे,” सर म्हणाले. “भट्टी लाव परत. आलेखात मधली जागा जोडून टाक. कोण बघतंय?”

पेढा मी घेतला नाही. पूजेचा राग नव्हता हो मला. पण मला एक फोन करावा, एवढीही माझ्या कामाची किंमत नाही? आणि वर खोटं लिहायला मलाच सांगता?

नवी सळई लावायला मुदत उरली नव्हती. तीच परत तापवली, वजनं टांगली. ती लांबली, तुटली. आलेख मधे खचला होता, तो तसाच काढला.

प्रबंध सहीसाठी सरांपुढे ठेवला. पानं उलटता उलटता ते त्या आलेखावर थांबले. खचलेल्या जागेखाली मी छापलं होतं: ‘येथे विभागप्रमुखांच्या आदेशाने खंडेनवमीच्या पूजेसाठी भट्टी बंद करून वजने उतरवली.’

“हे काढ. लोक काय म्हणतील?”

“खोटं आहे का, सर?”

“समीक्षा, सही अडून राहील तुझी.”

“राहू द्या. का अडली, ते विद्यापीठाला लिहून कळवते.”

मी पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.