निद्रेचा मंत्र

सर्वेशने जादूगार व्हायचं ठरवलं ते निव्वळ बोलावं लागू नये म्हणून. हसायचं तर हसा, पण त्याचं गणित सरळ होतं. भांडुपला समीक्षाच्या घरी दर रविवारी दुपारी टेबलावर नकाशा, फासे आणि कागद मांडून एक खेळ चालायचा. समीक्षा गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमतं की नाही हे फासे ठरवणार. ऋतिका तलवारबाज सरदारीण होती, सुयोग चोर होता. नवीन आलेल्या सर्वेशला विचारलं, तू कोण होणार? लढवय्याला आव्हानं द्यावी लागतात, शाहिराला तर गावंच लागतं. जादूगार बिचारा पुस्तकात डोकं खुपसून बसत असेल, असं याला वाटलं. आगीतून उठून फुफाट्यात जाणं म्हणतात ते हेच.

कारण सर्वेश बोलताना अडायचा. बाकी अक्षरं कशीबशी निभायची, पण शब्दाच्या सुरुवातीला 'प' आला की ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. ही गोष्ट त्याने सत्ताविसाव्या वर्षापर्यंत जगापासून लपवली होती, ती 'प'च्या वाटेलाच न जाता. पाणी हवं असलं की तो 'तहान लागली' म्हणायचा. 'परवा' न म्हणता 'दोन दिवसांनी' म्हणायचा, 'पाहिजे'च्या जागी 'हवं' आणि 'पण'च्या जागी 'मात्र'. साकीनाक्याच्या ज्या युनिटमध्ये तो आणि सुयोग औषधांच्या बाटल्यांची लेबलं तयार करायचे, तिथे सगळ्यांना वाटायचं की हा भलताच शुद्ध बोलतो. कुणीतरी एकदा विचारलं होतं, पुण्याचा का रे तू? त्यावर बिचाऱ्याने नुसती मान हलवली. 'पुण्याचा नाही' म्हणायचं तरी सुरुवात 'प'पासूनच करावी लागली असती.

तर जादूगार. नवशिक्या जादूगाराकडे दोन तऱ्हेच्या जादू असतात. ठिणगी उडवणं, दिवा लावणं अशा छोट्या जादू हव्या तितक्या वेळा कराव्यात, नुसता फासा टाकला की झालं. मोठ्या जादू मात्र दिवसाला दोनच. त्या सकाळी पुस्तकातून ठरवून ठेवायच्या, आणि दोन्ही वापरल्या की रात्रभर झोप काढेपर्यंत जादूगाराचे हात रिकामे. शिवाय मोठ्या जादूला हाताची खूण लागते, एखादी वस्तू लागते आणि मंत्र लागतो. बऱ्याच ठिकाणी खेळणारे 'मी मंत्र म्हटला' एवढं सांगून मोकळे होतात. समीक्षाकडे तसली सवलत नव्हती. ती सकाळी आईबरोबर मासळी विकायला बसायची आणि दुपारी खेळ चालवायची, आणि दोन्हीकडे घासाघीस तिला खपत नसे. निद्रेच्या जादूला चिमूटभर रांगोळी लागते, तर ती खरोखर वाटीतून उचलायची. मंत्र मोठ्याने म्हणायचा. मध्येच मोडला तर जादू वाया, आणि दोनातली एक गेली ती गेली.

तो मंत्र समीक्षाने नव्या गड्यासाठी मुद्दाम रात्री जागून रचला होता. पहिल्या रविवारी तिने तो खड्या आवाजात वाचून दाखवला:

'पापणीवर पापणी, पाण्यावर पडदा,
पहारेकऱ्या, पाठ टेक, पहाटेपर्यंत पड.'

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वेशनेही वाजवल्या, मनात 'प' मोजत.

पुढचे दोन रविवार त्याने ठिणग्यांवर काढले. दार उघडेना, तर ठिणगी. लांडगा आला, तर ठिणगी. मोठ्या जादू का वापरत नाहीस असं विचारलं की म्हणायचा, अडीअडचणीला राहू देत. सुयोगला ते फारच पटलं. कोकणातला माणूस आहे, काजूगरसुद्धा पाहुणे येईस्तोवर डब्यातच ठेवणार, असं तो कौतुकाने म्हणाला. चेंबूरला घरी बाथरूमचं दार लावून सर्वेश तोच मंत्र म्हणायचा, आणि एकटा असला की तो असा घडाघडा यायचा की त्यालाच रडू यायचं. ज्या गोष्टीचा घोर, ती ऐकायला कुणी नसलं की नसतेच. डॉक्टरला तरी काय दाखवणार?

असल्या लपाछपीचा शेवट ठरलेला असतो. तो पुढच्याच रविवारी आला.

गोष्टीत तिघं जण खाडीवरचा लाकडी पूल ओलांडत होते. खालून तीन गिऱ्हे वर चढले. गिऱ्हा म्हणजे माणसाला पाण्यात ओढून नेणारं भूत. सुयोगचा चोर पुलाच्या पलीकडच्या टोकाला अडकला होता. ऋतिकाची सरदारीण घाव खाऊन मध्येच आडवी झाली आणि तिन्ही गिऱ्ह्यांनी तिचे पाय धरले. समीक्षाने सांगून टाकलं की आता गिऱ्ह्यांना दोन खेपा मिळाल्या तर सरदारीण पाण्याखाली गेली, मग ती परत यायची नाही. ऋतिका दोन वर्षं ही सरदारीण खेळत होती. तिने तिची चित्रं काढली होती, तिच्या आईचं नाव, तिच्या घोड्याचं नाव, सगळं ठरवलं होतं. तिने फक्त सर्वेशकडे पाहिलं.

त्याने फासा उचलला आणि म्हणाला, "ठिणगी."

"वेडा झालास काय?" सुयोग म्हणाला. "तिघांना एकदम झोपव. दोन्ही जादू शिल्लक आहेत ना तुझ्या? हीच अडचण रे, आणखी कुठली यायची?"

खरंच होतं ते. सर्वेशने वाटीत बोटं घातली. हाताला इतका घाम होता की चिमूट उचलायच्या आधीच रांगोळी बोटांना चिकटली. ते तिघं आपल्याकडे बघताहेत हे त्याला मान वर न करताही कळत होतं. त्याने श्वास घेतला, ओठ मिटले, आणि ते मिटलेलेच राहिले. घशात हवा कोंडली. मानेची शीर ताठ झाली. बाहेर काहीच आलं नाही, साधा आवाजसुद्धा नाही.

"विसरला," समीक्षा हसून म्हणाली आणि तिने पेन्सिलने एक फुली मारली. "एक गेली."

सर्वेशला इतकं हायसं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. विसरला! विसरणं किती साधं असतं, कुणीही विसरतं. त्याने कपाळावर हात मारून घेतला, थोडा जास्तच जोरात. गिऱ्ह्यांची एक खेप झाली, सरदारीण कमरेपर्यंत पाण्यात गेली, आणि पाळी पुन्हा त्याच्यावर आली. तेवढ्यात ऋतिकाने मंत्राचा कागद शोधून अलगद त्याच्यासमोर ठेवला.

"वाचून म्हण," ती म्हणाली. "टेन्शन नको घेऊ."

तिच्या मनात माया होती, आणि त्या मायेनेच त्याची शेवटची पळवाट बंद केली. आता विसरलो म्हणायची सोय नव्हती. उठून बाथरूमला जावं, फोन आल्याचं नाटक करावं, पुढच्या रविवारपासून यायचंच बंद करावं, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. मग सुयोगलाही टाळावं लागेल, मग नोकरीही बदलावी लागेल. असं करतच त्याने कॉलेजचे मित्र सोडले होते. त्याने समोर पाहिलं. ऋतिका कागदावरच्या त्या दोन ओळींकडे असं बघत होती जणू सरदारणीचा जीव त्या शाईत होता.

"मी विसरलो नव्हतो," सर्वेश म्हणाला. "मला ते अक्षर म्हणता येत नाही. अडतं. ल-लहानपणापासून."

याच क्षणाला तो जन्मभर घाबरत आला होता. आता कुणीतरी म्हणणार, सावकाश बोल. कुणीतरी म्हणणार, श्वास घे आधी. आईपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी तेच सांगितलं होतं, आणि ज्यांनी सांगितलं नाही त्यांनी घाईघाईने त्याचा शब्द पुरा करून त्याच्या हातात दिला होता. समीक्षाचा चेहरा पडला. मंत्र तिनेच रचला होता. मोडला तरी चालेल, असं ती म्हणायला लागली, तेव्हा त्याने हात वर केला. तिला मध्येच थांबवलं नसतं तर पुन्हा सुरुवात करायचा धीर त्याला झाला नसता.

त्याने रांगोळी उचलली. "प..." ओठ मिटले. तिघांनीही डोळे टेबलाकडे वळवले. माणसं सभ्यपणे दुसरीकडे बघतात ते त्याला सर्वांत जास्त झोंबायचं. पंखा फिरत होता. क्षण लांबत गेला.

सुयोगला शांतता कधीच सोसली नव्हती. त्याचे वडील गणपतीत घरच्या देवापुढे गाऱ्हाणं घालायचे. कोकणात एकजण देवाला उद्देशून मोठ्याने मागणं मागतो आणि तो जिथे जिथे थांबतो तिथे जमलेली मंडळी हुंकार देतात. सुयोगच्या कानाला लहानपणापासून तीच सवय. कुणी मोठ्याने काही म्हणता म्हणता थांबलं की त्याच्या तोंडून ते निघून जायचं, तसंच आता निघून गेलं.

"होय म्हाराजा," तो खालच्या आवाजात म्हणाला.

ऋतिकाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत आक्रसला. सर्वेशचे कान तापले. चेष्टा करतोय, त्याला वाटलं, म्हणजे संपलंच सगळं. पण त्या रागातच त्याचे ओठ सुटले.

"...पापणीवर प..."

पुन्हा अडलं. सुयोग दातांत जीभ धरून बसला होता. त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हताच, चोरी पकडल्यासारखा होता. सर्वेशने ते पाहिलं आणि त्याला कळलं, हा गाऱ्हाण्याचा हुंकार. ओठ अडलेले असतानाच त्याने सुयोगकडे बघून मान डोलावली.

"होय म्हाराजा," सुयोग म्हणाला, या वेळी मोठ्याने.

"...पापणी. प... "

"होय म्हाराजा." आता ऋतिकाही होती. ती मूळची मालवणकडची, तिला वेगळं सांगायला नको होतं.

"...पाण्यावर प... "

"होय म्हाराजा." समीक्षाचा बाजारातला आवाज मिसळला आणि खिडकीतला कावळा उडाला.

दोन ओळींच्या मंत्राला किती वेळ लागला कोण जाणे. बाथरूममध्ये तो चार सेकंदांत संपायचा. इथे एकेका शब्दासाठी घाम गळत होता, शीर तशीच ताठ होत होती, बरं वगैरे काही झालं नव्हतं. पण तो अडला की त्याचा शब्द कुणी पुरवत नव्हतं आणि कुणी मानही वळवत नव्हतं. तिघंही त्याच्याकडे बघून, त्याच्या पुढच्या शब्दासाठी जागा धरून बसले होते. 'पहारेकऱ्या'पाशी तो तीनदा अडला आणि तीनदा हुंकार मिळाला. शेवटच्या 'पड'ला त्याने रांगोळी टेबलावर उडवली आणि धाप लागल्यासारखा मागे टेकला.

समीक्षाने फासे टाकले. दोन गिऱ्हे झोपले. तिसऱ्याचा फासा कमी पडला आणि तो जागाच राहिला, पण एकट्याच्या ओढीला सरदारीण दाद देईना. तिने पुलाची फळी धरली आणि ती वर आली. ऋतिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुयोगने ओशाळून माफी मागितली, मुद्दाम नाही रे केलं, निघून गेलं तोंडातून. सर्वेशला हसू आवरेना.

पाण्याची बाटली फिरली तेव्हा समीक्षा पेन्सिल घेऊन कागदाकडे बघत बसली होती. थोड्या वेळाने तिने ठरवून टाकल्यासारखं सांगितलं की पुढच्या रविवारपर्यंत ती दुसरा मंत्र रचून आणेल, एकही 'प' नसलेला, अगदी सोपा.

दुपारी तिने हे म्हटलं असतं तर सर्वेशने तिचे पाय धरले असते. आता त्याने मान हलवली. नको, तोच राहू दे, असं त्याला सांगायचं होतं, आणि 'तोच' हा सोपा शब्द नेहमीसारखा जिभेवर तयार होता. तो त्याने गिळला. त्याने ओठ मिटले आणि ते उघडायची वाट बघत बसला. समोर तिघंही बसले होते.

"प... प... पहिलाच ठेव," तो म्हणाला.