वीतभराला दोन बोटं कमी

मी एक जुनं शीड आहे, सहा आडव्या काठ्यांचं. हातपंख्यासारखा उघडतो, तसाच मिटतो. मला चढवायला आणि आवरायला एकच माणूस पुरतो. ही बढाई नाही मित्रांनो, वस्तुस्थिती आहे.

खाडीपलीकडे औषधं पोचवणाऱ्या होडीवालीच्या सासऱ्यांनी मला शिवलं. आठ महिने लागले. प्रत्येक शिवण दुहेरी. जुन्या शिडापेक्षा त्यांनी मला रुंद केलं, पण माथ्याचा आडवा वासा जुनाच वापरला. त्या वाशावर एक लाल खूण होती. मला वर ओढणारा दोर तिथेच बांधायचा, असा शिरस्ता होता.

पहिल्याच दिवशी होडी अशी पळाली की काठावरची माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. पण वारा वाढला की होडी वाऱ्याकडे तोंड फिरवायची. मग होडीवाली सुकाणूचा दांडा छातीशी ओढून धरायची. संध्याकाळी तिला उजवा हात वर उचलता येत नसे.

"मामंजी, ही होडी आहे की अडेल खेचर?"

"शिडात खोट नाही. सुकाणू लहान पडतंय."

सुकाणू दोनदा मोठं केलं. दांडा आणखीच जड झाला.

शेवटी ती म्हणाली, "माझा खांदा गेला तर पलीकडे औषधं कोण पोचवणार? सोमवारी इंजिन बसवून घेते. शीड सरपणावर झाकायला होईल."

सरपणावर! मी! सासरे भरल्या ताटावरून उठले. "आधी मला घेऊन चल."

त्या दुपारी दांडा त्यांनी धरला. निम्म्या खाडीतच त्यांना धाप लागली.

"काय मामंजी, सुकाणू लहान पडतंय ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले, मग लाल खुणेकडे.

"खूण माझीच आहे गं," ते हळूच म्हणाले. "पण जुन्या शिडाची. हे रुंद आहे. वाऱ्याचा सगळा जोर मागे पडतोय."

किनाऱ्याला लागून त्यांनी दोर वाशावर वीतभर मागे बांधला, तसा मी वीतभर पुढे सरकलो. पुन्हा निघाल्यावर होडी उलट वाऱ्याकडे पाठ करू लागली. त्यांनी दोर दोन बोटं परत पुढे घेतला आणि दांडा तिच्या हाती दिला.

"सोड दांडा."

"सोडू?"

"सोड म्हणतो ना!"

होडी सरळ चालली आणि मग अगदी सावकाश वाऱ्याकडे वळली.

"एवढी ओढ ठेवायचीच," सासरे म्हणाले. "हात सुटला तर होडी वाऱ्याकडे वळून आपोआप थांबते."

परतताना तिने दोन बोटांनी दांडा सांभाळला. सोमवारी इंजिन आलं नाही. सासऱ्यांनी लाल खूण खरवडून नवी काढली.

"ही कुणाची, मामंजी?"

"ह्या शिडाची. आणि तुझ्या खांद्याची."

त्याला अकरा वर्षं झाली. माझ्यावर चौदा ठिगळं आहेत आणि एकाचीही मला लाज नाही. मित्रांनो, एखादी वस्तू त्रास देऊ लागली तर तिला सरपणावर टाकण्याआधी तिच्यावरची खूण कुणासाठी काढली होती, एवढं विचारा. माझ्याबाबत ते विचारलं गेलं. म्हणून आज सकाळीही औषधं वेळेवर पलीकडे पोचली.