टेबलाच्या कडेपर्यंतची वाट

गावाने तिचं नाव ‘डोळे’ ठेवलं होतं. हॉटेलाच्या लॉन्ड्रीतलं काम आटोपून संध्याकाळी तिने चपला पायांत सरकवल्या, की कोपऱ्यावरचा पाववाला हाक मारायचा, “निघाले का बाबांचे डोळे?” पलीकडून शिंपीणकाकू मशीन न थांबवता ओरडायची, “आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. तुझ्या सासऱ्यांना तर बाई पायांसकट मिळाले!”

ती हसायची. हसू गालावरच राहायचं, आत उतरायचं नाही.

सासऱ्यांनी उभा जन्म गावची बाग राखली होती. जुन्या तटबंदीपासून दगडी पुलापर्यंत ओढ्याकाठची पायवाट त्यांच्या हातची. कुठला दगड पावसात निसरडा होतो, कुठल्या बाकाचा पाय लंगडा, सगळं त्यांना पाठ. मग दृष्टी गेली आणि त्यांनी सुनेकडे एकच मागणं केलं : “माझ्या वाटेवरून रोज फिरून ये, पोरी. आलीस की मला सांग.”

तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. कोणत्या सुनेला घरचे आपण होऊन हिंडायला धाडतात? लांबलांबची माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून ही वाट बघायला यायची. दिवसभर त्यांच्याच चादरींना ती इस्त्री करायची. त्यांना वाट दोन दिवसांची, म्हणून गोड. तिला रोजची. मधसुद्धा रोज वाटीभर प्यायला लावलं तर माणूस तोंड फिरवतो.

घरी आली की बाबा टेबलाशी तयार बसलेले असायचे. हातात कोटाचं जुनं बटण. टेबलाच्या दोन फळ्यांमधली फट म्हणजे ओढा, आणि बटण म्हणजे बाबा. ती सांगेल तसं ते बटण सरकवायचे. ती घाईने बोलली तर बोट उचलायचे, “थांब. पळवतेस काय म्हाताऱ्याला? अजून वळण यायचंय.” कारंजं, लंगडा बाक, मग वाळुंजाचं झाड. ओढ्यावर ओणवं होऊन पाण्याला फांद्यांची बोटं लावणारं ते झाड बाबांनी रोप असताना लावलेलं. तिथे बटण जरा विसावायचं. मग पूल. पुलाशी टेबल संपायचं आणि बटण माघारी फिरायचं.

ती पण पुलाशीच माघारी फिरायची. पुलापलीकडून एक कच्ची वाट झाडीत शिरायची, टेकडीमागे नाहीशी व्हायची. पुलावर उभी राहून ती पुटपुटायची :

*वाट गं ओढ्याची, पाण्यासंगे जाई वळत,*
*माझ्याच पायांना, पुढचं काही नाही कळत.*

तेवढ्यात कुणीतरी हटकायचंच, “काय डोळेवहिनी, बाबा वाट बघत असतील!” तिला ना वाटेवर एकटं राहता यायचं, ना घरी. बगळा दिसला तर तो बगळा राहायचा नाही. घरी जाऊन सांगायची गोष्ट व्हायचा. तिला एकदाच, फक्त एकदाच, असं काही बघायचं होतं जे कुणाला सांगावं लागणार नाही.

त्या दिवशी लॉन्ड्रीतल्या यंत्रांनी कान किटले होते. ती घरातून निघाली, पण तटबंदीशी पोचल्यावर पायांनी बंडच केलं. वाटेवर न जाता ती तटामागच्या पायऱ्यांवर बसली आणि डोळे गच्च मिटून घेतले. ऊन सरेपर्यंत तशीच.

घरी येऊन तिने वाट तोंडपाठ सांगितली. कारंजं उडतंय. बाकावर कुणी आजोबा पेंगतायत.

“आणि वाळुंज?” बाबांनी विचारलं.

“आहे की. फांद्या पाण्यात सोडून बसलंय. सावलीत बदकं आलीत.”

बटण थांबलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं. बाबांचं बोट त्याच्यावरून गोल फिरत राहिलं.

“किती बदकं?”

“तीन... चार असतील.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि बटण पुलाकडे सरकवलं.

नवरा छापखान्यातून आला तो दारातूनच बोलत. “बाबा, कळलं का? तुमचं वाळुंज पाडलं हो आज. पूल रुंद करायचाय म्हणे. दुपारभर करवत चालली होती.”

तिच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

“ऐकली मी करवत,” बाबा शांतपणे म्हणाले. “डोळे गेलेत, कान आहेत अजून.”

नवरा कपडे बदलायला आत गेला. ती टेबलाशी येऊन उभी राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. “बाबा, मी आज गेलेच नव्हते.”

“समजलं ते. मग होतीस कुठे?”

“तटामागे. डोळे मिटून बसले होते.”

म्हातारा खुदकन हसला. “वा गं! मी इथे डोळे मिटून, तू तिथे. मग बघत कोण होतं?” हसू ओसरलं. “पण तू सांगत होतीस ना, तेवढा वेळ झाड उभं होतं. मी हात लावला त्याला.”

तिला रडू फुटलं. “मला पुलापलीकडे जायचंय, बाबा.”

“पलीकडचं मला ठाऊक नाही. माझी हद्द पुलापर्यंत. शिट्टी वाजवायची, फाटक लावायचं, की घर.” त्यांनी टेबलाची कड चाचपली. “जा की. मी कधी गेलो नाही म्हणून तू नको थांबू.”

दुसऱ्या दिवशी पाववाल्याने हाक मारली, शिंपीणकाकूने टोमणा मारला. वाळुंजाच्या जागी कापलेला पांढरा, ओला बुंधा होता, तिथे ती थांबली. मग पूल ओलांडून झाडीत शिरली. आत गेल्यावरही सवयीने शब्द जुळायला लागले : असं सांगू, तसं सांगू. तिने ओठ दाबून धरले, तरी आतली जीभ थांबेना. चालत राहिली, तेव्हा कुठे एका वळणावर ती जीभ गप्प झाली.

घरी परतल्यावर बटण निघालं. कारंजं. बाक. “बुंधा ओला आहे अजून,” ती म्हणाली. बाबांनी मान हलवली. पूल. बटण टेबलाच्या कडेला आलं, अर्धं हवेत.

“पुढे?”

“पुढचं माझं आहे, बाबा.”

बाबांच्या कपाळावर आठी आली. “बरं,” शेवटी म्हणाले. “जाऊन ये तू. मी इथे पुलावर थांबतो.”

बटणावर बोट ठेवून ते बसून राहिले. समोर ती डोळे मिटून पलीकडची वाट चालत होती. खिडकीतला उजेड उतरत गेला, आत नवऱ्याने जेवणाचं विचारलं, तरी दोघं जागचे हलले नाहीत.

“आले,” ती म्हणाली.

बटण माघारी फिरलं.