कॅसेट बदलेपर्यंत

जयसिंगांनी शिरूर आणि दौंड तालुक्यात मिळून सहाशेएक लग्नांचं शूटिंग केलं आणि त्यातल्या एकाही लग्नात त्यांना गरम जेवण मिळालं नाही. पुढं मोबाईल आले, ड्रोन आले, नवरानवरीला उसाच्या फडात पळायला लावणारी पोरं आली, तेव्हा जयसिंगांनी कॅमेरा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. आता शिरूरच्या स्टँडमागं त्यांच्या दुकानात पासपोर्ट फोटो निघतात आणि आधार कार्डाला प्लॅस्टिक चढतं. साठीला एवढं काम पुष्कळ झालं, असं त्यांचं मत होतं. गुडघेही त्याच मताचे होते.

मांडवगण फराट्याच्या धुरपदाआक्का एका दुपारी दुकानाची पायरी चढल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या दोन कॅसेट काउंटरवर ठेवल्या. त्यावर जयसिंगांच्याच अक्षरात लिहिलं होतं: सुवर्णा, २००५. एक आणि दोन.

एरवी अशा कॅसेट गिऱ्हाइकाला मिळत नसत, सीडी मिळे. पण आक्कांच्या मालकांनी तेव्हा हट्टच धरला होता. लगीन आमच्या पोरीचं आणि ते दुसऱ्याच्या कपाटात का म्हणून, असा त्यांचा सवाल होता. मालक गेले, कॅसेट पत्र्याच्या पेटीत राहिल्या.

आक्कांचं काम साधं होतं. धाकट्या पोराचं, सुदर्शनचं लग्न अठरा दिवसांवर आलं होतं, आणि नवरदेवाच्या पाठीशी उभा राहायला मामा नव्हता. म्हणजे मामा होता. तात्याबा, आक्कांचा सख्खा भाऊ, नदीपलीकडं दौंड तालुक्यात पारगावला चांगला खातापिता नांदत होता. पण सुवर्णाच्या लग्नात तो न जेवता मांडवातून उठून गेला, तो वीस वर्षांत बहिणीच्या दारात आला नव्हता. त्याचं म्हणणं, गावातल्या सगळ्यांना स्टेजवर बोलावून फेटे बांधले, सोसायटीच्या शिपायालाही बांधला, आणि नवरीच्या मामाचं नाव माइकवरून घेतलं नाही. आक्कांचं म्हणणं, नाव घेतलं होतं, माझ्या ह्या कानांनी ऐकलं, हाच ताठ्यानं उठून गेला. दोन्ही बाजूंनी वीस वर्षं हे म्हणणं पाहुण्यारावळ्यांमार्फत एकमेकांना कळवलं होतं. एकाही शब्दाचा फरक पडला नव्हता.

आता तात्याबानं नवा निरोप धाडला होता. नाव पुकारल्याचं दाखवा, मी वऱ्हाडाच्या आधी येऊन बसतो.

सीडीचा उपयोग नव्हता. जयसिंगांनी तेव्हा फेट्यांच्या सगळ्या भागावर सनई चढवली होती आणि वरून पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. नावं पुकारणारे माऊली गुरुजी माइकवर तोंड हलवत होते आणि सनई वाजत होती. खरा आवाज असलाच तर कॅसेटमध्ये.

"दोन दिवसांत देतो," जयसिंग म्हणाले. बोलल्याबरोबर त्यांना पस्तावा झाला, पण तोपर्यंत आक्कांनी रुमाल घडी करून कमरेला खोचला होता.

माळ्यावरून कॅमेरा निघाला. बॅटरी फुगून बसली होती, म्हणून चार्जर थेट जोडला. दिवा लागला. जयसिंगांना बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं त्या आठवड्यातलं शेवटचं ठरलं. कॅमेरा लॅपटॉपला लावायची नेहमीची वायर होती, पण तिच्यातून फक्त फोटो येत. व्हिडिओ यायचा तो दुसऱ्याच एका बारक्या भोकातून, त्याला फायरवायर म्हणत, आणि तसलं भोक आताच्या लॅपटॉपला ठेवायचं कारखानदारांनी कधीच बंद केलं होतं. जयसिंगांनी लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग पुन्हा एकदा फिरवला, न जाणो.

तिसऱ्या दिवशी ते सणसवाडीला गेले. तिथं कंपन्यांतून निघालेले जुने कॉम्प्युटर भंगारवाल्यांकडं पडलेले असतात. जयसिंग एकेक डबा उलटा करून मागून बघत होते आणि भंगारवाला त्यांच्याकडं बघत होता. "अंकल, सब लोग आगे से देखते हैं," तो शेवटी म्हणाला. सतराव्या डब्याला तसलं भोक मिळालं. डबा मांडीवर घेऊन जयसिंग एसटीनं शिरूरला आले. कंडक्टरनं त्याचंही तिकीट लागेल का, याचा दोन स्टॉप विचार केला.

डबा चालू झाला, पण कॅमेरा ओळखीना. जयसिंगांनी वायर काढली, लावली, फुंकर मारली, कॅमेरा बंद करून चालू केला, देवाचं नाव घेतलं. परदेशातल्या कुणा गृहस्थानं इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं की नवा ड्रायव्हर काढून टाका, यादीत खाली जुना आहे तो निवडा. निवडला. कॅमेरा ओळखला गेला. त्या गृहस्थाला जयसिंगांनी मनातल्या मनात एक फेटा बांधला.

मग चित्र आलं, तेही चौकोनांच्या राशीत. व्याहीबुवांचं नाक एकीकडं आणि मिशी दुसरीकडं. कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या हेडवर कित्येक वर्षांची धूळ बसली होती. साफसफाईची कॅसेट शोधण्यात एक दिवस गेला. ती मिळाली तेव्हा वीज गेली, आणि वीज आली तेव्हा एका बाईला पोराच्या शाळेसाठी तातडीनं फोटो हवे होते.

इकडं आक्कांचा रोज फोन. त्या काही विचारत नसत. मंडपवाला ठरला, आचारी ठरला, एवढं सांगत आणि थोडा वेळ गप्प राहत. ते गप्प राहणं जयसिंगांना फार महाग पडे.

सातव्या दिवशी चित्र स्वच्छ झालं. आता नुसतं बघत बसायचं होतं, कारण ह्या कॅसेटचं असं की तासाची टेप कॉम्प्युटरमध्ये जायला तासच लागतो. तिला घाई चालत नाही. जयसिंगांनी खुर्ची ओढली आणि आपलंच काम वीस वर्षांनी पहिल्यांदा अख्खं पाहिलं. पंचवीस मिनिटं माणसं जीपमधून उतरत होती. अकरा मिनिटं पंगत वरण-भात कालवत होती. नवरी सगळी मिळून चार मिनिटं, त्यातली दोन पाठमोरी. एवढं होऊनही आवाज सनईचाच.

त्यांची बायको सुलक्षणा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं पडद्याकडं पाहिलं आणि हीच सनई आपल्या लग्नालाही चढवली होती का, असं विचारलं. जयसिंग म्हणाले, सगळ्यांनाच हीच चढवली होती.

जेवता जेवता त्यांना आठवलं. ह्या टेपवर आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. पहिलीवर खरा आवाज, दुसरीवर नंतर भरलेलं संगीत. कॉम्प्युटर दुसरी पट्टी ऐकवत होता. त्यांनी उष्ट्या हातानंच पहिली निवडली आणि मांडव एकदम बोलायला लागला. भांडी आपटली, पोरं रडली, कुणीतरी कुणाला तरी मिठाची वाटी कुठंय म्हणून ओरडलं.

फेट्यांचा भाग पहिल्या कॅसेटच्या शेवटी होता. माऊली गुरुजी हातात यादी आणि पेन घेऊन उभे. नाव घ्यायच्या आधी पेननं खूण करायची, मग पुकारायचं, अशी त्यांची शिस्त. सोसायटीचे चेअरमन झाले, माजी सरपंच झाले, शिपाई झाला. गुरुजींनी पुढच्या नावावर खूण केली आणि म्हणाले, "आता नवरीचे मामा..."

आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक आवाज आला, "गुरुजी, थांबा. कॅसेट बदलतो."

तिथं टेप संपली. पडदा निळा झाला.

जयसिंगांनी घास खाली ठेवला. आवाज त्यांचाच होता.

त्या काळी कॅमेरा बंद असताना कुणी फेटा बांधून घेत नसे. कॅसेट संपली की सत्कार थांबायचा, बदलली की सुरू व्हायचा. दिग्रसपासून दिल्लीपर्यंत कुठंही नसेल, पण शिरूर तालुक्यात ही रीत पक्की होती. जयसिंगांनी दुसरी कॅसेट लावली. तिच्या सुरुवातीला गुरुजी यादी बघत होते. मामाच्या नावावर खूण झालेली. गुरुजींनी खुणेखालचं, पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

सुलक्षणा डबा आवरत होती. म्हणाली, "किती सेकंद हाय ते तुमचं बोलणं?"

"चार."

"मग काढून टाका की. सहाशे लग्नांत कमी का काढलंय?"

खरं होतं. नवरदेवाची शिंक, व्याह्यांची हमरीतुमरी, कुणाचं काय काय त्यांनी कापून काढलं होतं. शिवाय त्या चार सेकंदांविना ऐकलं तर कॅसेट दोघांनाही निम्मं निम्मं खरं ठरवत होती. त्यांनी कापायचं बटण शोधलं, हात तिथं ठेवला आणि तसेच बसून राहिले. इतके दिवस खपून काढलेला आवाज आता कापायचा, याचाच त्यांना कंटाळा आला. चांगुलपणा म्हणावा इतकं काही ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. जयसिंगांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि आधीच सांगून टाकलं की चूक माझी आहे, बघा. मग शेवटची दोन मिनिटं लावली.

गुरुजी म्हणाले, आता नवरीचे मामा. आक्कांची मान विजयानं हलली. मग कॅसेट बदलतो, हे ऐकू आलं आणि मान थांबली. जयसिंग शिव्यांची वाट बघत राहिले.

"मागं घ्या," आक्का म्हणाल्या.

त्यांनी मागं घेतलं. पण आक्का ऐकत नव्हत्या. त्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघत होत्या. तिसऱ्या रांगेत एक चाळिशीचा माणूस खुर्चीतून अर्धा उठला होता. मामा म्हणताच त्यानं डोक्यावरची गांधी टोपी काढून हातात घेतली होती, फेट्यासाठी. मग पडदा निळा.

"पुढची लावा."

दुसऱ्या कॅसेटवर दुसऱ्याच कुणाला फेटा बांधत होते. मागं तिसऱ्या रांगेत तात्याबा बसला होता, बोडका. टोपी गुडघ्यावर. शेजारचा काहीतरी बोलला, त्यानं हसल्यासारखं केलं. चार फेटे झाले तरी टोपी गुडघ्यावरच. पाचव्या फेट्याला खुर्ची रिकामी.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. चहा आला, तो तसाच राहिला.

"उठला व्हता की त्यो," त्या म्हणाल्या. "मी समद्यांना सांगत फिरले, त्याला ताठा आलाय म्हून. टोपी काढून बसला व्हता, जयसिंगभाऊ. चार फेटं व्हईस्तवर."

जयसिंगांनी पेनड्राइव्ह पुढं केला. पारगावला दाखवायला लागेल म्हणाले.

"त्याला काय दाखवायचं? त्याला ठावं हाय ते." आक्का उठल्या. पिशवी काखेत मारली आणि पारगावची जीप कुठं मिळंल ते विचारलं. जयसिंगांनी चौफुल्याकडं हात केला. पण आक्का पायरीवरच थांबल्या होत्या.

"आन् तुम्ही काय बसताय? कॅसेट कुणाची संपली व्हती?"

आज चौघांचे फोटो द्यायचे होते, आणि गुडघा सकाळपासून धरला होता. जयसिंगांनी दोन्ही गोष्टी आक्कांच्या कानावर घातल्या. आक्का ऐकून घेत उभ्याच राहिल्या. मग जयसिंगांनी कॉम्प्युटर बंद केला, चपला शोधल्या आणि शटर ओढलं.

चौफुल्यावर जीप भरायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात आक्का एकदाच बोलल्या.

"आधी तुम्ही बोलायचं. मला जमायचं न्हाई."