दोन्ही बाजूंचे पुसणारा माऊस

मी एक जुना माऊस आहे, मित्रांनो. शेपटीवाला, संगणकाचा. ऑस्टिन शहरातल्या एका समाजमाध्यम कंपनीच्या कचेरीत, तारांच्या खोक्यात पडून असतो.

माझी उमेदीची वर्षे इथे काम करणाऱ्या रोझालिंडा ग्वेराच्या हाताखाली गेली. समाजमाध्यमावर लोक जी घाण लिहीत, ती आम्ही दोघे पुसायचो. शिव्या, धमक्या, नको नको ते. “आज गटारच उपसलं रे आपण,” असे म्हणून ती मला थोपटायची. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग आमच्या टेक्सास राज्याने कायदा केला, की मत पटले नाही म्हणून मोठ्या कंपन्यांनी कुणाचे लिखाण काढायचे नाही. काढले तर खटला. कंपन्या कोर्टात गेल्या. एका कोर्टाने कायदा अडवला, वरच्याने सोडला, त्याच्याही वरच्याने पुन्हा अडवला. आमचे साहेब ड्वेन यांनी याचा असा धसका घेतला, की स्वतःच एक नियम काढला. एका बाजूचे पुसले, की दुसऱ्या बाजूचेही पुसायचे. म्हणजे कुणी पक्षपाती म्हणायला नको!

त्या उन्हाळ्यात अचानक मोठा पाऊस होऊन नदीला पूर आला आणि कॅरोलीन नावाच्या बाईची मुलगी वाहून गेली. आईने तिचा फोटो टाकला. ‘माझी टेसा. पिवळे बूट घालून गेली.’ त्याखाली काहींनी लिहिले, पूर खोटा, बाई नटी, मुलगी नव्हतीच. रोझालिंडाने ते पुसले.

“आता दुसऱ्या बाजूचं,” ड्वेन म्हणाले. “तो फोटो काढ.”

“दुसरी बाजू? अहो, तिची पोर गेलीय!”

“मला कळत नाही का? पण उद्या कोर्टात काय सांगू?”

“कायदा तर अडवलाय ना सध्या?”

“आज अडवलाय. उद्याचं तू सांगतेस?”

रोझालिंडाचे बोट बराच वेळ माझ्यावर नुसते होते. मग ते खाली आले. टक्. मला काहीच वाटले नाही. रोज तेच करून मी बधिर झालो होतो.

आईने फोटो पुन्हा टाकला. पुन्हा टक्. मग तिने कंपनीलाच विचारले, ‘माझी टेसा होती ना? तुम्ही तरी सांगा.’

“होती गं,” रोझालिंडा पडद्याकडे बघून म्हणाली. उत्तर पाठवायची तिला परवानगी नव्हती. तिने मला बाजूला सारले, पर्स उचलली आणि ती गेली. परत आली नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माऊस पुष्कळ मिळतात. पण कुणी रडत असेल, तर तो कुठल्या बाजूचा आहे, हे आधी विचारू नका.