एकटं उत्तर आणि ओला फडका

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेला, एक कोपरा उडालेला जुना फळा तुम्ही पाहिलात ना? तोच मी. एका सुताराने फळ्या जोडून मला घडवलं, वर काळा रंग चढवला आणि माझी रवानगी शाळेत झाली. गणिताचे गुरुजी माझ्यावर एकाखाली एक पायऱ्या मांडत. बरोबरीची चिन्हं कशी ओळंब्यात! तेव्हा माझी ऐट काय विचारता! पुढे गुळगुळीत पांढरे फळे आले आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. तिथून दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या एका बाईने मला घरी आणलं.

वाटलं, दिवस पालटले. कसलं काय!

बाईला दहावीचं गणित सोडवायचं होतं. पास झाली तर परिचारिकेच्या शिक्षणाला जागा मिळणार होती, आणि वयाच्या अटीमुळे हाताशी तीनच संधी. डोकं चांगलं होतं हो तिचं! पण पायरी लिहून झाली, की फिरलाच ओला फडका. शेवटी माझ्या छातीवर उरे एकटं उत्तर. ते काय आभाळातून पडलं? चुकलं तर कुठे चुकलं, हे मला ठाऊक. पण मला तोंड कुठे? मी खिळ्यावर नुसता चरफडायचो.

बाई दोनदा नापास झाल्यावर तिची कॉलेजात शिकणारी धाकटी नणंद कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, उत्तरं बरोबर होती म्हणतेस, मग गुण गेले कुठे? पायऱ्या लिहिल्या होत्यास ना?"

"लिहिल्या की! पेन्सिलीने लिहिल्या आणि मग नीट खोडल्या."

"खोडल्या?"

"मग काय! पाहुण्याला ताट वाढताना भाजीची सालं दाखवतात का, वन्संबाई?"

"अगं, तपासणारे सालंच मोजतात!" असं म्हणून नणंदेने फडका ओढला आणि ती त्यावर फतकल मारून बसली.

सुटलो एकदाचा! मग महिनाभर मी पायऱ्यांनी गच्च भरलेला असे.

परीक्षेहून आल्यावर बाईने पेपरातलं मोठं गणित माझ्यावर जसंच्या तसं उतरवलं. तिसऱ्या पायरीला तिचा हात थबकला. सात आठे चोपन्न! माझ्या कपाळाला आठी पडली.

"गेलं गं सगळं," म्हणत ती मटकन खाली बसली.

निकाल लागला, ती पास! "चूक एकाच पायरीत होती, वहिनी. बाकीच्यांचे गुण मिळाले," नणंद म्हणाली. बाई माझ्याकडे बघत हसली, मग पदराने डोळे टिपत राहिली.

मित्रांनो, आता तरी ऐका. गिचमिड झाली तर होऊ द्या, चुकलं तर चुकू द्या. पण तुम्ही कुठून कसे चालत आलात, ते पुसू नका. तुमच्या नीटनेटकेपणापायी आम्हा मुक्यांना किती त्रास होतो, ते आमचं आम्हालाच ठाऊक!