सावळीरामचं खरं वजन

येवल्याकडच्या एका कांदा बाजारात सावळीराम मापाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला व्यापारी मान देत आणि शेतकरी शिव्या. मापाच्या पारड्याला तो अंगठा असा हळूच टेके, की क्विंटलमागे दोन-तीन किलो कांदा व्यापाऱ्याकडे फुकट जाई.

असा हा तोलातला माणूस चौऱ्याऐंशी साली नाशिकच्या एका इस्पितळात स्वतःच काट्यावर उभा राहिला. गालात कर्करोगाची गाठ, तिला विजेचा शेक चालू. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं, पाणीसुद्धा झोंबायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "वजन आणखी घटलं तर शेक थांबवावा लागेल." शेक थांबला की गाठ पुन्हा डोकं वर काढणार. सावळीराम मनातून पार घाबरला. पण सुंभ जळाला तरी पीळ थोडाच जातो? पुढच्या सोमवारी तो बंडीच्या आतल्या खिशात किलोचं लोखंडी वजन घालून काट्यावर चढला. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन किलोचं.

माजिदा सिस्टरनं काटा पाहिला, मग त्याचे खप्पड गाल पाहिले आणि हात पुढे केला. "काढा मामा."

"काय काढू?"

"खिशात आहे ते. मळ्यातल्या शफीभाईंची मुलगी मी. अब्बांचा कांदा तुम्हीच तोलायचे. बैलगाडीत बसून मी तुमच्या अंगठ्यावरच नजर ठेवायची."

सावळीरामनं मुकाट्यानं वजन काढलं. काटा दोन किलो खाली आला. "शेक थांबवतील ना गं पोरी," तो बोबडं बोलला.

"गुळण्या किती वेळा करता?"

"सकाळी. एकदा."

मिठा-सोड्याच्या पाण्यानं काय व्हायचंय, असं त्याचं मत होतं.

माजिदानं सगळं डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी आठ दिवस दिले. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध आणि दर दोन तासांनी मीठ-सोड्याच्या कोमट गुळण्या. बायको मालनबाई तांब्या घेऊन पहाऱ्याला बसली. ठेच्याशिवाय न जेवणारा नवरा गार पेज नि दूधभात गिळू लागला. "चाळीस वर्सांत पयल्यांदा ह्यांनी तिखट कमी म्हणून ताट सरकवलं नाय," ती शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला सांगे.

सोमवारी माजिदानं त्याचे खिसे तपासले आणि मगच त्याला वर चढवलं. काटा मागच्या खऱ्या वजनाच्या पाव किलो पुढं जाऊन थांबला.

चोराच्या मनात चांदणं. सावळीरामनं वाकून आधी माजिदाचे पाय पाहिले. दोन्ही काट्यापासून चांगले हातभर दूर, फरशीवर होते.

"खरंच भरलं?" म्हणता म्हणता त्याला रडू फुटलं.

"रडा मामा, पण हलू नका," माजिदा म्हणाली. "काटा हलतोय."